वेग कुठे अडतो?



आज मी तुम्हाला एका आकड्याची गोष्ट सांगणार आहे. आकडा आहे ९४. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हा आकडा आमच्या घरात आला आणि दीड महिना मुक्काम ठोकून बसला. त्याच्या नादात मी एका पोराशी अन्यायाने वागलो. त्यामुळे आजच्या या बोलण्यात थोडी माहिती आहे आणि थोडी कबुलीही आहे.

झालं असं, की आमची सूनबाई रेडिऑलॉजिस्ट आहे. आठवड्यातल्या तीन रात्री ती घरी बसून तालुक्याच्या गावांमधल्या रुग्णालयांचे सीटी स्कॅन वाचते. तिकडे रुग्ण येतो, स्कॅन होतो, त्याच्या प्रतिमा इंटरनेटवरून आमच्या नाशिकच्या घरी येतात आणि ही अहवाल पाठवते. पक्षाघाताचा रुग्ण असेल तर त्या वेळी घड्याळाकडे बघवत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अडला, की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. डॉक्टरमंडळी तो आजही सांगतात. आणि आमच्या घरात एक स्कॅन उतरायला अडीच-अडीच मिनिटं लागत होती.

एके रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर ही टेबलाशी हाताची घडी घालून बसलेली. मी म्हटलं, "काय गं, झोप आली का?" ती म्हणाली, "नाही बाबा, स्कॅन येतोय. पन्नास टक्के झालाय."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला आणि आमचा १०० मेगाबिटचा प्लॅन ३०० चा करून घेतला. महिन्याचे पैसे वाढले. संध्याकाळी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप राउटरला वायरने जोडला, स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर वर गेला आणि ९४ वर थांबला. पुन्हा लावली, ९४. सकाळी लावली, ९४. सूनबाईच्या टेबलाशी वायफायवर बघितलं, तर तिथे जेमतेम ३०. म्हणजे काल जे होतं तेच आजही.

आता माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. मी उभा जन्म टेलिफोनच्या नोकरीत काढला. खांबावर चढलो, केबलच्या खड्ड्यात उतरलो, हजारो जोड्या जोडल्या. त्यामुळे लाइनमधला दोष ओळखण्याबद्दल मला स्वतःविषयी जरा जास्तच खात्री. मी तक्रार नोंदवली. एक पोरगा आला, असेल चोविशीचा. दारामागे फायबरचा डबा आहे, त्यातली फायबरची वायर काढून त्याने आपल्या छोट्या मीटरला लावली आणि म्हणाला, "पॉवर बरोबर आहे काका, उणे एकोणीस. लाइन चांगली आहे. तुमचा राउटर जुना दिसतोय, तो बघा."

मला राग आला. कारण हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. आमच्या नोकरीतही दोष सापडला नाही, की आम्ही ग्राहकाला सांगायचो, "तुमच्या घरातलं वायरिंग बघा." मला वाटलं, हा मला तीच गोळी देतोय. तो गेल्यावर मी पुन्हा तक्रार केली. तो पुन्हा आला, पुन्हा तेच म्हणाला. त्यावर मी कंपनीला लेखी कळवलं, की तुमचा माणूस काम न करता परत जातो. ही तक्रार मी नाव घेऊन केली होती.

श्रोतेहो, आधी हे वेगाचे आकडे समजून घेऊ. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे ३०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेसदतीस मेगाबाइट उतरतील. कितीतरी मंडळी संगणकावर ३७ हा आकडा बघून कंपनीने फसवलं म्हणून वैतागतात. त्यात फसवणूक काहीच नसते, मोजायचं माप वेगळं असतं. आमच्या सूनबाईचा स्कॅन साधारण ६०० मेगाबाइटचा धरा. म्हणजे ४८०० मेगाबिट. ३०० च्या वेगाने तो १६ सेकंदांत यायला हवा, ९४ च्या वेगाने ५१ सेकंदांत आणि ३० च्या वेगाने २ मिनिटं ४० सेकंदांत. तिच्या टेबलाशी नेमकं हेच शेवटचं घडत होतं.

हे ३०० वगैरे आकडे आपल्याला आता नेहमीचे झाले आहेत, पण आपण आलो कुठून ते आठवून बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग ९.६ किलोबिट होता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिटच्या वर वेग असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणावं, असं ठरलं. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. बाहेरची लाइन अशी भराभर मोठी होत गेली. घरातला राउटर मात्र तसाच कोपऱ्यात बसून राहिला. तो बंद पडत नाही, तक्रार करत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे बघतही नाही. आमचा राउटर २०१६ सालचा. तेव्हा आमची लाइन ८ मेगाबिटची होती आणि त्या लाइनला तो राउटर चांगला ऐसपैस होता.

नाशिककरांना कळेल अशा भाषेत सांगतो. गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं आहे, रस्त्याखालची जलवाहिनी मोठी आहे, इमारतीची टाकीही भरली आहे. पण घरातल्या नळाला तोटी अर्ध्या इंचाची असेल, तर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. धरणावर मोर्चा नेऊन उपयोग नाही.

पण तोटी नेमकी कुठे आहे ते शोधायचं कसं? टेलिफोनमध्ये आम्हाला पहिला धडा दिला जायचा तो असा, की लाइनचे भाग पाडा. एक्स्चेंजपासून घरापर्यंत एकदम बघायचं नाही. मध्ये तोडायचं, कुठल्या बाजूला दोष आहे ते पाहायचं, मग त्या बाजूचे पुन्हा दोन भाग. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं आणि स्वतःच्या घरात मी ते केलं नव्हतं.

महिना उलटल्यावर एका रविवारी मी शेवटी ते केलं. राउटर बाजूला काढला. फायबरच्या डब्यातून निघणारी वायर राउटरला जाते, ती डब्यापाशीच काढली आणि एका नव्या आखूड वायरने लॅपटॉप सरळ डब्याला जोडला. यात एक अडचण येते. काही जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेलं नाव आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेला असतो, तो त्या वेळेपुरता लॅपटॉपमध्ये भरावा लागतो. तुमच्याकडे तो नसेल तर कंपनीकडून मागून घ्या. आणि तपासणी झाली की लॅपटॉप पुन्हा राउटरमागे न्या, कारण बाहेरच्या उपद्रवापासून थोडाफार आडोसा राउटरच देत असतो.

स्पीड टेस्ट लावली. काटा २९१ वर गेला.

मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. पोरगा खरं बोलत होता. लाइन चांगली होती. दोष डब्याच्या अलीकडे, माझ्या घरात होता.

मग जुना राउटर उलटा करून पाहिला, त्याचं माहितीपत्रक शोधलं. त्याच्या मागच्या सगळ्या खोबणी १०० मेगाबिटच्या होत्या. वायरीवरून १०० मेगाबिट पाठवण्याची ही पद्धत १९९५ साली ठरली आणि तेव्हा तिला फास्ट इथरनेट असं दिमाखदार नाव मिळालं. १९९९ मध्ये त्याच्या दहापट, म्हणजे गिगाबिट वेगाची पद्धत साध्या तांब्याच्या वायरीवर आली. तरी स्वस्तातल्या राउटरना १०० च्याच खोबणी लावून विकणं पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. आजही तसे राउटर दुकानात मिळतात.

इथे तुम्हाला एक सावधगिरी सांगतो. राउटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १२०० असं छापलेलं असतं. गिऱ्हाईक खूश होतं. तो १२०० चा आकडा म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांच्या कागदोपत्री वेगांची बेरीज असते. ३०० आणि ८६७ मिळवायचे आणि वर थोडं गोल करायचं. त्याच राउटरच्या मागची, इंटरनेट आत येण्याची खोबण १०० ची असू शकते. म्हणजे वाड्याला बारा दालनं आणि दिंडीदरवाजा एकच, तोही वाकून जाण्याइतका. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा, "याच्या वॅन आणि लॅन दोन्ही खोबणी गिगाबिट आहेत का?" वॅन म्हणजे बाहेरून इंटरनेट आत येतं ती, लॅन म्हणजे घरातल्या यंत्रांसाठी.

पण मग १०० ऐवजी ९४ का? याचं उत्तर पाकिटात आहे. इंटरनेटवरचा मजकूर तुकडे करून, प्रत्येक तुकडा पाकिटात घालून, वर पत्ता लिहून जातो. एक पूर्ण पाकीट वायरीवरून जाताना १५३८ बाइटांची जागा अडवतं, त्यातला आपल्या कामाचा मजकूर फार तर १४६० बाइट. बाकीचं पत्ते, शिक्के आणि दोन पाकिटांमधलं अंतर. हा भागाकार केला, की १०० मेगाबिटच्या वायरीवर हातात ९४-९५ च उरतात. म्हणून स्पीड टेस्टमध्ये वेळोवेळी ९४ च्या आसपास आकडा येत असेल आणि तुमचा प्लॅन त्याहून मोठा असेल, तर ओळखावं, की वाटेत कुठेतरी १०० ची तोटी बसली आहे. कंपनीची लाइन इतकी नेमाने एकाच आकड्यावर अडत नाही.

झालं, दोष सापडला. मी बाजारात जाऊन गिगाबिट खोबणींचा नवा राउटर आणला. साडेतीन हजार रुपये मोजले. घरी आणून जोडला, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि स्पीड टेस्ट लावली.

९४.

आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत, उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचं न बोलणं मला बोलण्याहून जास्त लागतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, राहू द्या आता." मला तर क्षणभर वाटलं, की दुकानदाराने जुनाच राउटर नव्या खोक्यात घालून दिला.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं. लॅपटॉप डब्याला जोडला होता तो नव्या आखूड वायरने. राउटर मात्र अजूनही जुन्याच वायरीवर होता. डब्यापासून हॉलपर्यंत भिंतीतून गेलेली ती वायर २०१६ मध्ये मीच टाकली होती. उठलो, बॅटरी घेतली आणि तिचं टोक बघितलं.

या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० मेगाबिटची पद्धत त्यातल्या दोनच जोड्या वापरते. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. एक जरी तार तुटली, सैल असली किंवा पिनेत नीट बसली नाही, तरी दोन्हीकडची यंत्रं आपापसात बोलतात आणि जमेल त्या वेगावर, म्हणजे बहुधा १०० वर उतरतात. कुठे घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. सगळं सुरू दिसतं.

आमच्या वायरीत निळी जोडी पिनेत नव्हतीच. ती मधूनच बाहेर काढून टेलिफोनला दिलेली होती. २०१६ मध्ये हॉलमधला फोन आतल्या खोलीत न्यायचा होता, तेव्हा वेगळी वायर टाकायचा मला कंटाळा आला होता. दोन जोड्या रिकाम्याच आहेत, मग त्यातली एक वापरू, असं करून मी माझी हुशारी चालवली होती. त्या वेळी त्यात चूकही नव्हती. टेलिफोनच्या माणसाला रिकामी जोडी दिसली, की हात शिवशिवतातच. तो फोन बंद होऊन पाच वर्षं झाली. जोडी मात्र तशीच तुटलेली राहिली आणि मी कंपनीला पत्रं लिहीत बसलो.

दुसऱ्या दिवशी नवी वायर आणली. तुम्ही घेताना वायरीच्या अंगावर छापलेलं वाचा. कॅट ५ई किंवा कॅट ६ असं असेल तर घरातल्या अंतरांना गिगाबिट आरामात चालतं. शक्यतो शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण लवकर दगा देते. वायर बदलली आणि लॅपटॉपवर आकडा आला २८८.

लॅपटॉपची खोबण किती वेगावर बोलते आहे, हे संगणकात बघताही येतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड अशी ओळ असते. तिथे १००० दिसलं तर गिगाबिट, १०० दिसलं तर वायर, लॅपटॉपची खोबण किंवा राउटरची खोबण, यातलं काहीतरी अपुरं. मात्र ही ओळ लॅपटॉप ते राउटर एवढ्याच टप्प्याची आहे. आमच्या घरी नवा राउटर आल्यावर तिथे १००० दिसत होतं, कारण दोष त्याच्या पलीकडच्या वायरीत होता. म्हणून म्हणतो, भाग पाडा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर आकडा कागदावर लिहून ठेवा.

पण सूनबाईच्या टेबलाशी अजूनही ४० च येत होते. हा वायफायचा वेगळा अध्याय.

वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ च्या लहरी भिंतीतून जास्त लांब पोचतात, पण ती पट्टी म्हणजे बाजारपेठेतला रस्ता आहे. आपल्याकडे ही पट्टी २००५ मध्ये परवानामुक्त झाली. शेजाऱ्यांचे सगळे राउटर, ब्लूटूथची यंत्रं आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची तिथे गर्दी. तिच्यात एकमेकांच्या आड न येणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत तर वीस राउटर दिसतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी आणि वेगवान, पण जाड भिंत आडवी आली की तिचा जीव दमतो. बऱ्याच राउटरमध्ये दोन वेगळी नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही, ते पट्टीचं नाव आहे. राउटर त्याच खोलीत असेल तर बिनदिक्कत तेच निवडा.

आमचा राउटर कुठे होता? हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या कप्प्यात, शेजारी आरसा. दिसायला बरं दिसत नाही म्हणून त्याला लपवलेला. लोखंडी कपाट, आरसा आणि माशांची पेटी हे वायफायचे शत्रू. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला किंवा थोडा वर, घराच्या मध्याशी हवा. आम्ही तो पॅसेजमधल्या फळीवर आणला आणि सूनबाईच्या लॅपटॉपवर ५ ची पट्टी निवडली. ४० चे १६० झाले. वायफायच्या खोक्यावरचा आकडा प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच हाती येतो, हेही ध्यानात ठेवा. आणि जिथे खरोखर खात्रीचा वेग हवा, तिथे वायर टाका. तिच्या टेबलापर्यंत मी वायर नेली, आठही तारांसकट. आता स्कॅन सतरा-अठरा सेकंदांत उतरतो.

आमची ही हकीकत इमारतीत पसरली आणि खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी मला बोलावलं. त्यांचाही प्लॅन ३०० चा, राउटर गिगाबिट, वायर नवी. तरी वेग बरोबर ५० वर अडायचा. नेमका गोल आकडा आला, की मला शंका येते, कारण असा आकडा माणसाने लिहिलेला असतो. राउटरचं पान उघडलं. त्याचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर असतो. आत बँडविड्थ कंट्रोल नावाची सोय चालू होती आणि त्यात एकूण मर्यादा ५० लिहिलेली. काही वर्षांपूर्वी ५० ची लाइन असताना मुलाने गेम खेळताना अडथळा नको म्हणून ती लावली होती. मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. मर्यादा घरी राहिली. काही राउटरमध्ये हीच सोय क्यूओएस या नावाने असते. ती बंद केली आणि वेग सुटला.

अशीच आणखी एक गोष्ट. राउटर हा छोटा संगणक आहे. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा पत्ता तो बदलतो. त्याच्यावर मुलांसाठीचं नियंत्रण, कोणी काय पाहिलं याची नोंद, वेगाची वाटणी अशी कामं लादली, की जुन्या राउटरचा मेंदू थकतो. तेव्हा नको असलेल्या सोयी एकेक करून बंद करून पाहाव्यात. राउटरची आतली प्रणालीही अद्ययावत करावी, आणि ज्या राउटरला कंपनीकडून नव्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या असतील तो वेगासाठी नाही तरी सुरक्षिततेसाठी बदलावा.

तर श्रोतेहो, आकडा काय सांगतो ते थोडक्यात पुन्हा पाहू. सतत ९४ च्या आसपास येत असेल, तर खोबण किंवा वायर बघा. नेमका गोल आकडा असेल, तर राउटरमधली मर्यादा आणि आपला प्लॅन बघा. खोली बदलल्यावर आकडा बदलत असेल, तर दोष वायफायचा. महिन्याच्या शेवटी शेवटीच वेग पडत असेल, तर प्लॅनमधली वापराची मर्यादा संपली असेल. एकाच संकेतस्थळावर मंद असेल, तर दोष त्या बाजूचा. आणि लॅपटॉप सरळ डब्याला जोडूनही, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, दोन-तीन दिवस वेग कमीच येत असेल, किंवा डब्यावरचा लॉस नावाचा लाल दिवा लागला असेल, तर मात्र तक्रार जरूर करा. तुमचा तो हक्कच आहे. पण तक्रारीबरोबर तारीख, वेळ आणि आकडे द्या. येणाऱ्या माणसाला अर्धं काम झाल्यासारखं होतं.

आणि प्लॅन वाढवण्यापूर्वी गरज आहे का हेही बघा. अगदी स्वच्छ, फोर-के चित्राचा सिनेमा बघायला १५ ते २५ मेगाबिट पुरतात. व्हिडिओवर नातवाशी बोलायला त्याहूनही खूप कमी. चौघांच्या घरात १०० ची लाइन नीट पोचली, तर बहुतेकांना ३०० लागतच नाहीत. आमच्याकडे त्या स्कॅनसाठी लागत होते, म्हणून हा खटाटोप.

राहिला तो पोरगा. मी कंपनीला फोन करून म्हटलं, "माझी तक्रार चुकीची होती, मागे घ्यायची आहे." पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, ती तक्रार बंद झालेली आहे. बंद झालेली तक्रार मागे घेता येत नाही." मग मी कागद घेतला आणि सविस्तर पत्र लिहिलं. चूक कोणाची होती, वायर कोणी कापली होती, सगळं. उत्तर आलं नाही.

पुढे महिन्याभराने तो पोरगा वरच्या मजल्यावर नवी जोडणी द्यायला आला होता. मी त्याला जिन्यात गाठलं आणि घरी आणलं. म्हटलं, "बाळ, तू बरोबर होतास. मी चुकलो." त्याला आधी काही आठवेना. दिवसाला बारा-पंधरा घरं करणाऱ्याला कुठलं एकेक घर आठवणार? मग आठवलं. म्हणाला, "हां काका, त्या महिन्यात माझं इन्सेन्टिव्ह कापलं होतं." राग नव्हता त्याच्या आवाजात, जसं घडलं तसं सांगितलं. मी पैसे पुढे केले, तर त्याने हात मागे घेतला. चहा घेतला. मी ती जुनी वायर जपून ठेवली होती, ती त्याला दाखवली. निळी जोडी बघून तो हसला, म्हणाला, "कोणी केलं हे, काका?" मी म्हटलं, "मीच."

कापले गेलेले पैसे त्याला परत मिळाले की नाही, ते मला विचारवलं नाही. मी पत्र लिहिलं होतं एवढं त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि आपली पिशवी घेऊन वर गेला.

तुमच्या घरी वेग अडला, तर रविवारचा अर्धा तास काढा. डब्यापासून सुरुवात करा. एकेक टप्पा पुढे या. दोष बाहेर असेल तर फोन करायला सोमवार आहेच. पण तो घरातच असेल, तर एखाद्याचे पैसे कापले जायचे वाचतील.